ओटिलीचे दोन गिअर

रविवार, ६ मे २०१८

आज मिस्सेत फादरांचं प्रवचन चालू असताना मला एकदम ती दुपार आठवली. १९७७ चा ऑक्टोबर. धान्याच्या गोदामापुढे ही लांब रांग, आमचा मक्याचा ट्रक अकरावा. लग्नाला सहा आठवडे झालेले. ह्यूबर्टच्या डाव्या हातात स्टिअरिंग, उजव्या हातात लिव्हर सॉसेजचं सँडविच. रांग सरकली की तो क्लच दाबायचा आणि भरल्या तोंडाने ओरडायचा — "टाक!" की मी गिअर टाकायची. पुन्हा थांबायचं. पुन्हा "टाक!" असे दोन तास! मला क्लच कधीच जमला नाही आणि त्याला सँडविच खाली ठेवणं कधीच जमलं नाही. संसार तिथेच जुळला आमचा.

आठवायचं कारण — शेजारी बसल्या बसल्या त्याचा डावा पाय थरथरत होता. फेब्रुवारीतल्या पक्षाघाताच्या झटक्यापासून तो पाय त्याचं ऐकत नाही. जीभही जड झाली आहे, एका दमात एकच शब्द निघतो. उजवी बाजू मात्र ठणठणीत.

मिस्सा संपल्यावर कोठारात जाऊन ओटिलीवरचं कापड झटकलं. बावीस वर्षांचा डिझेल पिकअप, पण शर्यतीत अजून धुराचे लोट काढत पळतो. पळायचा. दर ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी, एकोणीस वर्षं, एकदाही न चुकता. यंदा क्लच कोण दाबणार?

क्लच नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला तर ह्यूबर्ट ऑगस्टमध्ये पळेल. नाही बसवला तर तो घरातल्या त्या खुर्चीतून आता उठणार नाही. हे मी फक्त इथे लिहिते आहे. बाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

बुधवार, ९ मे

नॉर्बर्ट आला होता. ह्यूबर्टचा चुलतभाऊ, गावाबाहेर गॅरेज आहे, चाळीस वर्षं फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बांधतो. आणि चाळीस वर्षं ह्यूबर्ट त्याला "आरामखुर्ची दुरुस्त करणारा" म्हणत आला आहे. मी कॉफी ओतली नि सरळ विषय काढला.

"वहिनी, माझ्या फळीवर तीन आहेत," नॉर्बर्ट म्हणाला. "एक चार गिअरांचा, एक तीन, एक दोन. डिझेल इंजिनाचा दम आखूड. म्हणून चार. याच्यावर चर्चाच नको."

"नको," ह्यूबर्ट म्हणाला.

"चार नको तर तीन घे."

"नको."

"दोन तर डिझेलला कुणी शहाणा माणूस —"

"ऑटोमॅटिक... नको!" दोन शब्द! मला केवढा आनंद झाला. मग लक्षात आलं ते कोणते शब्द आहेत.

दोघांनी मग तोंड फुगवून क्लॅबरचे पाच डाव खेळले. आमच्या पत्त्यांत चौकटची राणी नाही, तिच्या जागी औषधाच्या खोक्याचा तुकडा आहे. दर वेळी तो ह्यूबर्टकडेच जातो.

गुरुवार, १० मे

आजही नको. नाश्ताही नको. मी विचारलं, मग मीही नको का? बराच विचार केला त्याने! मग म्हणाला, "राहा."

शुक्रवार, १८ मे

टेकडीवरच्या मठात जाऊन सिस्टर कुनिगुंडांना भेटले. एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत. चौऱ्याहत्तर साली मला बीजगणितात नापास करताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण केलंच नापास. त्यांच्या खोलीला अजून खडूचा वास येतो. खडू तर कुठे दिसत नाही.

मी म्हटलं, "सिस्टर, गिअरबॉक्स निवडायचाय."

"कशासाठी?"

"शर्यतीच्या ट्रकासाठी."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. वाटलं प्रार्थना करताहेत. "आकडे आणलेस?" म्हणाल्या.

आणले होते! त्यांना मला अजून पोरगी समजायला फार आवडतं आणि मलाही. मी त्यांना शर्यतीतल्या आमच्या गटाचा नियम समजावला. आपला ट्रक सरळ पट्ट्याच्या टोकाला किती सेकंदांत पोचणार ते आधीच काचेवर लिहायचं. त्या आकड्याच्या जितकं जवळ पोचाल तितकं चांगलं. पण त्याच्याहून लवकर पोचलात तर बाद.

"म्हणजे ही शर्यत वेगाची नाहीच," सिस्टर म्हणाल्या. "शब्द पाळण्याची आहे! हे मला आधी कुणी का नाही सांगितलं, पोरी?"

कागद ठेवून घेतले. निघताना म्हणाल्या, "बरोबर येईलच असं नाही. पण तुझ्यापेक्षा बरं येईल."

सोमवार, २१ मे

डोरोथीचा फोन. लेक आहे म्हणून ऐकून घेतलं. "आई, बाबांना ट्रक नको, व्यायाम हवा." मी म्हटलं, ज्याला तो हो म्हणेल असा एक तरी व्यायाम शोध.

शनिवार, २ जून

सिस्टरांचं पत्र. अकरा पानं! समास सोडलेले, आकृत्या पट्टीने आखलेल्या. मठाच्या बागेत म्हाताऱ्या सिस्टरांना नेणारी ती विजेची छोटी गाडी आहे ना, तिच्यावर तीन दिवस प्रयोग केले म्हणे. सिस्टर बेनिता चालवायच्या, कुनिगुंडा घड्याळ घेऊन गुलाबांच्या वाफ्यापाशी उभ्या. एकदा सलग चालवली. एकदा मध्ये एकदा थबकून, मग दोनदा, मग तीनदा. "दर थबकण्यागणिक सिस्टर बेनिताची चूक वाढते. एकदा तर ती गुलाबांत गेली. तिला काही झालेलं नाही, गुलाबांसाठी प्रार्थना कर."

शेवटच्या पानावर लाल शाईची चौकट: चार गिअर म्हणजे तीनदा बदल. दोन गिअर म्हणजे एकदाच. सगळ्यांत वेगवान नको, सगळ्यांत एकसारखा हवा. उत्तर: दोन.

मी पत्र नॉर्बर्टला फोनवर वाचून दाखवलं.

"वहिनी, त्या बाईंनी कधी डिझेल इंजिन पाहिलंय का?"

"नाही."

"मग गणित बरोबर कसं आलं?" — आणि फोन ठेवला! रागावला आहे.

ह्यूबर्टने अकराही पानं वाचली, उजवं बोट ओळींवरून फिरवत. मग पत्राची घडी घालून खिशात ठेवली. "नको" म्हणाला. पण हळू म्हणाला.

मंगळवार, ५ जून

ह्यूबर्ट हल्ली बटाटा टाकतो. चाळीस वर्षांत कधी टाकला नाही! मी रागावूनच ताट फिरवलं, तर लगेच खाल्ला. आता सॉसेज टाकलं. कुणाचं काय नि कुणाचं काय.

मंगळवार, १२ जून

डॉक्टरांकडे तपासणी होती. मला आत येऊ दिलं नाही, नॉर्बर्टला घेऊन गेला. मी बाहेर जपमाळेचे दोन फेरे केले. बाहेर आला तेव्हा चेहरा राखेसारखा.

"काय म्हणाले?"

"ठीक."

"ठीक म्हणजे?"

"ठीक!"

नॉर्बर्ट बुटांकडे बघत होता. त्याला हॉस्पिटलं सोसत नाहीत.

येताना आमच्या वळणावर आलो नि ह्यूबर्ट एकदम म्हणाला — "ऑटोमॅटिक... घेऊ."

मी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. रडले थोडी. देवा, सिस्टरांची अकरा पानं फुकट नाही गेली!

गुरुवार, २१ जून

आज ओटिलीचं वजन केलं, त्याच गोदामाच्या वजनकाट्यावर. आता रांग नसते, काटाही विजेचा आहे. नॉर्बर्टला चालकासकट वजन हवं असतं. तो खिशातली चिल्लरही काढायला लावतो.

ह्यूबर्ट म्हणाला, "तू... बस."

"मी? चालवणार तू आणि वजन माझं?"

"पाय."

बरोबर, त्याला वर चढवणं म्हणजे दोन माणसांचं काम. मी बसले. नॉर्बर्टने आकडा लिहून घेतला. मग त्याने विचारलं, माझं एकटीचं किती? मी त्याच्या कानात सांगितलं. एकशे अठ्ठेचाळीस. हे फक्त डॉक्टरांना नि देवाला माहीत होतं.

मी म्हटलं, "आता त्यात त्र्याऐंशी पौंड मिळवा. ह्यूबर्ट माझ्याहून तेवढा जास्त आहे."

"मिळवतो, वहिनी, मिळवतो."

मिळवले नाहीत. मी बघत होते. याच्या हिशेबाने ओटिली पळाली तर सिस्टर काय म्हणतील!

गुरुवार, ५ जुलै

आज गॅरेजात शेवटची लढाई. क्लचच्या जागी ऑटोमॅटिकमध्ये तेलाने भरलेलं एक लोखंडी भांडं असतं, लाल भोपळ्याएवढं. इंजिन तेल ढवळतं आणि ढवळलेलं तेल चाकांना ढकलतं. ते घट्ट हवं की सैल, यावर नॉर्बर्टचं व्याख्यान पाऊण तास. घट्ट असेल तर सुटायच्या रेषेवर इंजिन गुदमरतं, सैल असेल तर ढवळत बसतं, ट्रक हलतच नाही.

ह्यूबर्ट ऐकत होता. एकतीस वर्षं पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, सहलीचं कासवाचं सूप तोच ढवळत आला आहे, वल्ह्याने! त्याने उजवा हात हवेत असा फिरवला — आधी जड, मग मोकळा. "असं," म्हणाला.

नॉर्बर्ट बघतच राहिला. "हे तर... अगदी बरोबर आहे. पण गिअर चारच, ह्यूबर्ट. दोन म्हणजे मागून सगळे हसतील."

ह्यूबर्टने दोन बोटं वर केली. मग एक. मग स्वतःच्या तोंडाला हात लावून म्हणाला, "एकदाच... म्हणायचं."

"काय म्हणायचं?" मी विचारलं.

दोघांनी एकदम कॉफी मागितली.

गुरुवार, १९ जुलै

अरे देवा. अरे देवा. अरे देवा.

गिअरबॉक्सच्या आत चकत्या असतात. त्या कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत जळतात, म्हणून आधी लाल तेलात भिजत घालाव्या लागतात. मोठं भांडं हवं होतं म्हणे. आमच्या कोठारात पॅरिशच्या सुपाच्या तीन कढया घासायला आणून ठेवल्या आहेत. सहल तीन दिवसांवर! आणि या दोन म्हाताऱ्यांनी तीन नंबरच्या कढईत चकत्या भिजत घातल्या!

"वहिनी, दोन नंबरची जरा लहान पडत होती."

ह्यूबर्टला विचारलं तर म्हणाला, "झाकलं... होतं." झाकलं होतं म्हणे!

सोडा, राख, उकळतं पाणी, सगळं करून पाहिलं. वास जात नाही. ज्या सुपासाठी तीन तालुक्यांतले लोक दुधाच्या बरण्या घेऊन येतात त्यात हे घालू? समितीला सांगितलं, कढईला भोक पडलंय. खोटं. साठी उलटल्यावर, कढईबद्दल!

रविवार, २२ जुलै

सूप सव्वादहाला संपलं. शंभर वर्षांत पहिल्यांदा. लोक रिकाम्या बरण्या घेऊन परत गेले. भोकाची गोष्ट कुणाला पटली नाही, कारण नॉर्बर्टच्या बाह्या कोपरापर्यंत लाल होत्या. म्हातारी मिसेस श्नेल सगळ्यांदेखत म्हणाली, "लिओना, तुझ्या ट्रकाने माझं सूप प्यायलं!" ह्यूबर्ट इतका हसला की त्याला खुर्चीत सावरून बसवावं लागलं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा हसला. मिसेस श्नेलला वाटलं तिला हसला. तिचं मी बघेन कधीतरी.

शनिवार, २८ जुलै

पापनिवेदन केलं. जाळीपलीकडे फादर कॉलमन.

"फादर, मी कढईबद्दल खोटं बोलले."

"ते सगळ्या गावाला माहीत आहे." मग थांबून, खालच्या आवाजात — "किती गिअरांचा?"

"दोन, फादर."

"डिझेलला दोन?"

"सिस्टर कुनिगुंडांनी गणित केलंय."

"मग झालं." प्रायश्चित्त: तीन नमो मरिया, एक नवी कढई, आणि शर्यतीआधी ट्रक आशीर्वादासाठी चर्चपाशी आणायचा. शेवटचं मला वाटतं प्रायश्चित्त नव्हतंच.

मंगळवार, ७ ऑगस्ट

गिअरबॉक्स बसला! पण नवा आहे, रुळवावा लागतो. नॉर्बर्टच्या गॅरेजमागच्या सरळ रस्त्यावर गेलो. ह्यूबर्ट म्हणाला, "तू चालव... मी... ऐकतो." इंजिनाचा आवाज त्याच्या कानाला जेवढा कळतो तेवढा कुणालाच कळत नाही, तेव्हा मी बसले. चालक म्हणजे मी, आणि पायांखाली पेडल दोन! दोनच! गॅस आणि ब्रेक. मी बाजाराला नेते त्या गाडीसारखेच. फक्त बाजाराची गाडी अशी डरकाळी फोडत नाही, आणि तिच्यात गिअर आपोआप पडतो; इथे दुसरा कधी पडायचा ते बटण दाबून सांगायचं. खुर्ची पार पुढे ओढलेली होती.

"ही कुणी ओढली?"

"पाय," म्हणाला ह्यूबर्ट. हल्ली प्रत्येक गोष्टीचं उत्तर पाय.

आवाज फार, म्हणून नॉर्बर्टने कानाला लावून एकमेकांशी बोलायची दोन यंत्रं दिली. एक मला, एक रस्त्याकडेला बसलेल्या ह्यूबर्टला. सुटले. पाठ खुर्चीला चिकटली, चष्मा वर सरकला, मी सगळ्या संतांची नावं घेतली. आणि कानात एकदम — "टाक!"

कसा स्वच्छ आला तो शब्द. अडखळला नाही, जड नाही. एकेचाळीस वर्षांपूर्वीसारखा, फक्त सँडविच नाही तोंडात. मी बटण दाबलं. दुसरा गिअर पडला, लोण्यात सुरी जावी तसा.

मंगळवार, १४ ऑगस्ट

आज नऊ फेऱ्या. सिस्टरांनी मठाचं घड्याळ पाठवलं आहे, त्यावर नॉर्बर्टने वेळा घेतल्या. नऊपैकी आठ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत सारख्या! नववीत मी हरणासाठी ब्रेक दाबला. नॉर्बर्ट टोपी काढून रस्त्यातच उभा राहिला. "चाळीस वर्षं मी माणसांना चार गिअर विकतोय," म्हणाला, "आणि एक नन मला बागेतून —"

ह्यूबर्टने नवव्या फेरीनंतर माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "छान," म्हणाला. मी म्हटलं, आता तुझी पाळी, तू बसून बघ एकदा. तो हरीण गेलं त्या दिशेला बघत राहिला.

शुक्रवार, २४ ऑगस्ट

फादरांनी ओटिलीवर पवित्र पाणी शिंपडलं, इंजिनावर जरा जास्तच. मिसेस श्नेल आली होती, बरणी घेऊन. टोमणा आहे तो, कळतो मला.

ह्यूबर्टचा शर्यतीचा शर्ट इस्त्री केला. बटाट्याचं सॅलड, हॅम, लिव्हर सॉसेज बांधलं. उद्या तो पुन्हा ओटिलीत, चालकाच्या खुर्चीत बसेल. मी कुंपणापाशी उभी राहीन, दर वर्षीसारखी डोळे मिटून.

शनिवार, २५ ऑगस्ट. ट्रॅकवर, ट्रकात बसून

नावनोंदणीचा कागद नॉर्बर्टने माझ्या हातात दिला आणि चाकांची हवा बघायला पळाला. हवा सकाळीच बघितली होती. चालक: लिओना बेट्झ. वजन: एकशे अठ्ठेचाळीस पौंड. तारीख तेवीस जूनची, अक्षर ह्यूबर्टचं. मागे टाचलेला डॉक्टरांचा कागद, बारा जूनचा: डाव्या बाजूचं दिसत नाही. वाहन चालवू नये. यापुढे कधीही.

बटाटा ताटात डावीकडे होता.

मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "तुला... क्लच... येत नाही."

तासाभरात माझी पाळी. काही झालंच तर — जपमाळ आणि आईचं निळं भांडं डोरोथीला. नवी कढई पॅरिशला. मेपलच्या पानांची गोधडी मिसेस श्नेलला, सुपाबद्दल. घड्याळ सिस्टर कुनिगुंडांना, मठाचं आहे. पत्ते नॉर्बर्टला, राणी त्याची त्याने शोधावी. ओटिली हवी त्याला द्या, पण क्लच बसवायचा नाही. डब्यातलं सँडविच ह्यूबर्टला, पण माझी फेरी झाल्यावर. त्याचं तोंड मला मोकळं हवं आहे.